नवीन वसाहतीत फुटपाथ आणि सायकल ट्रॅक मागताना नेमकं काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा की पुण्याच्या पश्चिमेला नवीन टीपी स्कीम (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे जमिनी एकत्र करून रस्ते आणि प्लॉट नव्याने आखायची योजना) येतेय, त्यात १२, २४ आणि ३६ मीटरचे रस्ते आखलेत, मसुद्यात दोन्ही बाजूंना फुटपाथ आणि सायकल ट्रॅक छान रंगवून दाखवलाय, आणि तुम्हाला भीती वाटतेय की पाच वर्षांनी तिथं टू-व्हीलरचं पार्किंग आणि महावितरणचे डबे याशिवाय काही दिसणार नाही, तर हरकत घेताना नेमकं काय लिहायचं. भीती रास्त आहे. मी रस्त्यांच्या डिझाइनच्या कामात बरीच वर्षं आहे, थोडं लांबेल पण सगळं सांगतो.

पहिलं म्हणजे तो रंगवलेला क्रॉस सेक्शन बघून खूश होऊ नका. क्रॉस सेक्शन म्हणजे रस्ता आडवा कापून दाखवलेला एक तुकडा, त्यात झाडं हिरवी, सायकल ट्रॅक लाल, फुटपाथवर फुगा घेतलेलं पोरगं, सगळं मस्त असतं. पण माणूस मरतो किंवा पडतो तो बरेचदा त्या तुकड्यात नाही, तो चौकात आणि सोसायट्यांच्या गेटसमोर. नेमकी हीच दोन ठिकाणं क्रॉस सेक्शनमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे हरकतीत पहिली मागणी ही टाका की चौकांचं डिटेल ड्रॉइंग दाखवा आणि प्लॉटच्या गेटपाशी रस्त्याची, फुटपाथची आणि प्लॉटची लेव्हल काय असणार ते दाखवा. बहुतेक वेळा ही दोन ड्रॉइंग तयारच नसतात, आणि ती नाहीत हे कळणंही उपयोगाचंच आहे.

गेटचा प्रकार नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त फुटपाथ इथेच वाया जातात. होतं असं की रस्ता कोणीतरी करतो आणि बिल्डिंग कोणीतरी दुसराच. बिल्डर पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून प्लॉट भरून घेतो, गेट रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट वर येतं, मग गाडी चढवायला उतार लागतो, आणि तो उतार प्लॉटच्या आत घेतला तर पार्किंगची जागा जाते म्हणून थेट फुटपाथवर आणून सोडतात. तिकडे रस्त्याचा कॉन्ट्रॅक्टर प्रत्येक गेटला फुटपाथ कापून रस्त्याच्या लेव्हलला आणतो. म्हणजे तीस-चाळीस मीटर चाललं की सहा इंच उतरा, गेट ओलांडा, परत सहा इंच चढा. गुडघे दुखणाऱ्या आजीने, बाबागाडी ढकलणाऱ्या आईने काय करायचं, ते सरळ डांबरावरून चालतात, आणि मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की एवढा फुटपाथ दिलाय पण लोकांना शिस्त नाही!

उपाय अवघड नाहीये, फक्त वेळेत व्हायला पाहिजे. फुटपाथ गेटसमोरही त्याच लेव्हलला, त्याच फरशीत सलग जाऊ द्यायचा. गाडीने चढायचं ते कर्बच्या, म्हणजे फुटपाथच्या काठाच्या दगडाच्या, कडेला, झाडं आणि खांबांची जी पट्टी असते तिच्या रुंदीत, तिथे उतरता कर्ब आणि छोटा रॅम्प द्यायचा. गाडी फुटपाथ ओलांडून आत जाते आणि तेवढ्यापुरती तीच पाहुणी असते. प्लॉट उंच असेल तर उरलेला उतार प्लॉटच्या हद्दीत. यासाठी रस्त्याच्या तयार लेव्हल आधी ठरून त्या प्रत्येक फायनल प्लॉटच्या (स्कीममध्ये नव्याने आखून दिलेल्या प्लॉटच्या) आर्किटेक्टला दिल्या गेल्या पाहिजेत आणि बांधकाम परवानगीत अट म्हणून आल्या पाहिजेत. जुन्या पेठांमध्ये हे करायला गेलं तर प्रत्येक दारात भांडण होतं. तुमच्याकडे अजून एकही गेट उभं नाही, हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, तो हातचा घालवू नका. शिवाय ज्या प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता आहे त्याचं गाड्यांचं गेट छोट्या रस्त्यावर घ्यायला लावा, ३६ मीटरच्या रस्त्यावर गेटं जितकी कमी तितका तिथला सायकल ट्रॅक जगेल.

आता चौक. इथे एक आकडा लक्षात ठेवा, कॉर्नर रेडियस, म्हणजे कोपऱ्यावर कर्ब किती गोलाईने वळतो. ड्रॉइंगमध्ये सर्रास १०-१२ मीटर किंवा त्याहून जास्त ठोकून दिलेला असतो, कारण मोठी बस किंवा फायरची गाडी वळायला पाहिजे. पण गोलाई मोठी असली की कार ब्रेकला पाय न लावता वळते आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं. आतल्या रस्त्यांना ४-५ मीटर भरपूर होतं, बसचा मार्ग असेल तिथेच मोठा घ्या. फायरच्या गाडीला इमर्जन्सीमध्ये समोरची लेन वापरू द्या की, त्यासाठी रोज सगळ्या गाड्यांना वेगाने वळायची सोय कशाला. आणि फ्री लेफ्ट, म्हणजे डावीकडे न थांबता वळायची वेगळी लेन, ती नवीन वसाहतीत कुठेही दाखवली असेल तर स्पष्ट विरोध करा. तिथे गाडीवाला उजवीकडून येणारं ट्रॅफिक बघत असतो, डावीकडून रस्त्यात उतरलेला माणूस त्याला दिसतच नाही.

छोटे रस्ते मोठ्या रस्त्याला मिळतात तिथे रेझ्ड क्रॉसिंग मागा, म्हणजे फुटपाथ आणि सायकल ट्रॅक आपल्या लेव्हलला सरळ पुढे जातो आणि गाडीला वर चढून ओलांडावं लागतं. याला साइटवर ठरलेला आक्षेप येतो, साहेब पाणी तुंबेल. तुंबेल, जर चेंबर चुकीच्या बाजूला दिला तर. उतार ज्या बाजूने येतो त्या बाजूला, रॅम्प सुरू व्हायच्या आधी, जाळीचा चेंबर द्यायचा आणि तो स्टॉर्म वॉटर लाइनला, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या पाइपला, जोडायचा, इतकंच. मात्र ही गोष्ट ड्रेनेजच्या ड्रॉइंगमध्ये पहिल्यापासून हवी, कारण लाइन टाकून झाल्यावर चेंबर हलवायला कोणी तयार होत नाही. बसच्या मार्गावर रॅम्प लांबट आणि वरचा सपाट भाग जास्त लांब ठेवा, नाहीतर ड्रायव्हर लोकांच्या तक्रारी येतात आणि सहा महिन्यांत जेसीबी लावून तो काढून टाकतात.

३६ मीटरच्या रस्त्याला मधे डिव्हायडर असेल तर क्रॉसिंगच्या जागी तो किमान दोन मीटर रुंद हवा, म्हणजे सायकल किंवा बाबागाडीसकट माणूस मधे थांबू शकतो. दीड फुटाच्या डिव्हायडरवर उभं राहून दोन्ही बाजूंच्या गाड्या अंगावरून जाताना अनुभवलं असेलच तुम्ही. आणि क्रॉसिंग लोक जिथून जाणार तिथेच पाहिजे, बस स्टॉप, शाळा, बाजार जिथे आहे तिथे. रेलिंग लावून लोकांना शंभर मीटर वळसा घालायला लावला तर ते रेलिंग वाकवतात, हा आजवरचा अनुभव आहे.

वेगाबद्दल बोलायलाच पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. ताशी ३० च्या वेगाने गाडी धडकली तर चालणारा बहुतेक वेळा वाचतो, ५० च्या पुढे हिशोब झपाट्याने बदलत जातो. आता गंमत बघा, नवीन वसाहतीत पहिली काही वर्षं रस्ते पूर्ण रुंदीचे तयार आणि बिल्डिंगी अर्ध्याच, म्हणजे गाड्या कमी आणि रस्ता मोकळा, हाच सगळ्यात धोक्याचा काळ. लेबर कॅम्पमधली माणसं, पहिल्या फेजला राहायला आलेली कुटुंबं, सिक्युरिटीवाले, हे सगळे त्याच रस्त्याने चालत असतात आणि संध्याकाळी कोणीतरी नवीन बाईकचा स्पीड बघायला तिथेच येतो. नवी मुंबईचा पाम बीच रोड आठवा, रस्ता देखणा, रुंद, आणि वेगाच्या अपघातांसाठी तितकाच बदनाम. स्पीड लिमिटच्या पाटीने हे थांबत नाही. लेन साडेतीन मीटरऐवजी तीन-सव्वातीन मीटरची करा, सरळ लांब पट्टे तोडा, दर शंभर-दीडशे मीटरला रेझ्ड क्रॉसिंग द्या, मग पाटी नसली तरी चालेल. आणि ट्रॅफिक नाही तोपर्यंत ३६ मीटरच्या रस्त्याच्या सगळ्या लेन डांबरी करायचा अट्टहास कशाला, आधी दोन लेन आणि पूर्ण रुंद फुटपाथ-सायकल ट्रॅक करा, उरलेली जागा झाडांना ठेवा, लागेल तेव्हा बघू. इंजिनिअर मंडळींना हे पटत नाही कारण टेंडर डांबराच्या हिशोबाने निघतं, पण मागायला काय हरकत आहे.

सायकल ट्रॅक सगळीकडे हवा का? नको. १२ मीटरच्या रस्त्याला मागूच नका. तिथे गाड्यांसाठी ६ मीटर, दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे फुटपाथ, आणि उरलेल्या २.४ मीटरमध्ये एका बाजूला झाडं आणि अधूनमधून पार्किंग, झाले १२. वेग ३० च्या आत ठेवला की सायकल गाड्यांबरोबरच चालते. १.८ मीटर ही इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमधली निव्वळ चालायच्या जागेची किमान रुंदी आहे, खांब आणि झाड त्याच्या बाहेर, हे बजावून लिहा, नाहीतर भिंतीपासून कर्बपर्यंत मोजून १.८ दाखवतात आणि मधोमध दिव्याचा खांब.

२४ मीटरला खरी मजा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून ६ मीटर, दोन्ही बाजूंना २.१ मीटरची पार्किंगची पट्टी, झाले १०.२, उरले १३.८, म्हणजे प्रत्येक बाजूला ६.९ मीटर, त्यात पार्किंगलगत अर्धा मीटर मोकळी पट्टी, २.२ चा सायकल ट्रॅक, २.२ चा फुटपाथ आणि २ मीटर झाडं, दिवे, डबे, बाकडी यांना. बघा, कुठेही ओढाताण नाही. पण याच २४ मीटरमध्ये चार लेन आणि डिव्हायडर बसवायचा म्हटलं की पार्किंग जातं, मग पार्किंग सायकल ट्रॅकवर येतं, आणि तुमची भीती खरी ठरते. म्हणून सायकल ट्रॅक किती रुंद यापेक्षा लेन किती आहेत हे विचारा.

ट्रॅक दोन्ही बाजूंना एकेरी मागा. एकाच बाजूला दुहेरी ट्रॅक देऊन पैसे वाचवायची टूम असते, नदीकाठी किंवा जिथे गेटं नाहीत तिथे ते चालतं, पण सोसायट्यांच्या रांगेसमोर धोकादायक, कारण गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळणारा फक्त उजवीकडे बघतो आणि डावीकडून येणारी सायकल त्याच्या बंपरवरच येते. जागा पार्किंग आणि फुटपाथच्या मधे, पार्किंगच्या बाजूने अर्धा-पाऊण मीटर मोकळी पट्टी, म्हणजे कारचं दार उघडलं तर सायकलवाला आडवा होणार नाही. लेव्हल फुटपाथपेक्षा दोन-तीन इंच खाली, तेवढ्याने चालणारे आणि सायकलवाले आपापल्या जागी राहतात. आणि सरफेस! पेव्हर ब्लॉक लावू देऊ नका. ते दोन पावसाळ्यांत खचतात, कडा वर येतात, सायकलवर बसलेल्याच्या मणक्याला प्रत्येक जॉइंट कळतो, मग तो रस्त्यावर उतरतो. गुळगुळीत डांबर किंवा मशीनने ओढलेलं काँक्रीट. लाल-हिरवा रंग पूर्ण पट्ट्याला नको, पावसात घसरतो, चौकापुरता आणि तोही घसरण न होणारा.

पुण्याचा इतिहास यात कामाला येतो. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, आली तेव्हा सोबत सायकल ट्रॅकही केले होते. रुंदी बदलत जाणारे, बस स्टॉपपाशी संपणारे, मधेच झाड नाहीतर डबा, चौक आला की गायब. लोकांनी वापरले नाहीत आणि निष्कर्ष काय काढला तर पुणेकरांना सायकल नको. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवून घेणाऱ्या गावाबद्दल हा निष्कर्ष! पुढे २०१६ मध्ये महापालिकेने रस्त्यांच्या डिझाइनसाठी मार्गदर्शक सूचना आणल्या, जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, आणि तिथे संध्याकाळी जाऊन बघा, फुटपाथ दिला की माणसं चालतात. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, गाजल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकली होत्या, सलग रस्ता नव्हता. ट्रॅक प्रत्येक चौकात तुटतो तिथे फक्त धीट तरुण पोरं सायकल चालवतात, आठवीतली मुलगी चालवत नाही, आणि डिझाइन तिच्यासाठी करायचंय.

आता टू-व्हीलर चढण्याचा प्रश्न. बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायचे छोटे खुंट, लावा म्हणतात सगळे. व्हीलचेअर जायला दोन बोलार्डमधे साधारण १.२ मीटर लागतात, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते, हे सत्य आहे. म्हणून निव्वळ बोलार्डवर विसंबू नका. टू-व्हीलरचं पार्किंग ठरवून, आखून, दुकानांच्या ओळीसमोर द्या, रिक्षा स्टँडला जागा द्या, आणि वडापावची गाडी, भाजीवाली, चहाची टपरी यांना बस स्टॉपजवळच्या झाडांच्या पट्टीत जागा काढून ठेवा. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, ते येणारच आहेत आणि यायलाच पाहिजेत, त्यांच्यामुळे रस्ता रात्री नऊनंतरही जागता राहतो, बायका-मुलींना तिथून चालताना बरं वाटतं. त्यांची जागा ड्रॉइंगमध्ये नसेल तर ते फुटपाथवर बसतील, त्यात त्यांचा काय दोष. तसंच महावितरणचे फीडर पिलर (विजेचे डबे) आणि ट्रान्सफॉर्मर, त्यांची जागा आधीच ठरवा, शक्यतो प्लॉटच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत, कोनाडा काढून, कारण शेवटी कुठेच जागा नाही म्हणून त्यांना फुटपाथचा मधला भाग सापडतो.

आणखी एक मोठी गोष्ट, रस्त्यांचं जाळं. इंग्लंडात स्टीव्हनेज नावाचं नवीन शहर १९४६ नंतर वसवलं, एरिक क्लॅक्स्टन नावाच्या इंजिनिअरने तिथे अप्रतिम सायकल ट्रॅक केले, चौकांखालून अंडरपास वगैरे, म्हणजे सायकलवाल्याला गाडी आडवीच येत नाही. पण कार चालवणंही तितकंच सोपं ठेवलं, रुंद रस्ते, भरपूर पार्किंग, तर लोक कारनेच गेले. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळचं हाउटेन बघा, तिथे कारला एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर आधी बाहेरच्या रिंग रोडला जावं लागतं, सायकल आणि चालणारे मात्र मधूनच सरळ स्टेशनला. तिथे सायकल जवळची पडते म्हणून चालते. आपली नवीन टाउनशिप नेमकी उलटी असते, कारला सगळीकडून रस्ता, आणि चालणाऱ्याला दोनशे मीटरवरच्या शाळेसाठी कंपाउंड वॉलला वळसा मारून एक किलोमीटर. टीपी स्कीममध्ये प्लॉट नव्याने आखले जातात, त्यामुळे दोन प्लॉटच्या मधून सहा मीटरची पायवाट काढणं आत्ताच शक्य आहे, गाड्यांना बंद, पायी आणि सायकलला खुली. हे हरकतीत नकाशावर पेनाने रेघ मारून दाखवा, नुसतं लिहून कोणाला कळत नाही. मोठ्या सोसायट्यांना मागच्या बाजूला छोटं पायी गेट बंधनकारक करा. फक्त पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती नकोत, जाळी किंवा कमी उंचीची भिंत आणि दिवे, नाहीतर अंधार पडल्यावर तिकडे कोणी फिरकणार नाही.

प्रक्रियेचं सांगायचं तर एमआरटीपी कायदा १९६६ (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) नुसार मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत देता येते. पोच घ्या. पुढे लवाद नेमला गेला की चर्चा मुख्यतः फायनल प्लॉट आणि मोबदल्याची होते, रस्त्याच्या डिझाइनकडे तेव्हा कोणाचं लक्ष नसतं, म्हणून आत्ताच लिहा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलंय, त्याचा उल्लेख जरूर करा, सरकारी फाइलमध्ये अशा ओळीला वजन असतं. सोसायटीच्या लेटरहेडवर एक, जमीनमालकांची एक आणि जवळच्या शाळेची एक अशी तीन वेगळी पत्रं एका मोठ्या पत्रापेक्षा चांगली.

हरकत मान्य झाली तरी खरी परीक्षा साइटवर. टेंडरमध्ये रस्त्याखालून दर ठरावीक अंतरावर आडवे डक्ट, म्हणजे केबल आणि पाइप जायला मोकळे नळ, आहेत का बघा, नाहीतर गॅसवाले, फायबरवाले येऊन नवीन फुटपाथ खणणार आणि राडारोडा तिथेच टाकून जाणार. पुढच्या वेळी डांबर टाकताना आधीचा थर खरवडून काढायची अट घाला, नुसते थरावर थर चढवले की दहा वर्षांत सहा इंचांचा कर्ब दोन इंचांचा होतो आणि गाड्या बिनधास्त वर. आणि काम सुरू झालं की कॉन्ट्रॅक्टरकडून पहिल्या शंभर मीटरचा नमुना तुकडा करून घ्यायला सांगा, ज्यात किमान एक गेट आणि एक कोपरा असेल. टेप घेऊन जा, व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन जा, बादलीभर पाणी ओतून कुठे साठतं ते बघा, ज्युनिअर इंजिनिअरसमोर मोजून त्याच्याकडून साइट रजिस्टरला लिहून घ्या, आणि ते दुरुस्त होईपर्यंत पुढचा कर्ब लावू देऊ नका.